दोनशे बारा गाणी

शरदने गाणं थांबवलं. दहा सेकंदांत ते पुन्हा सुरू झालं.

त्याने परत बोट ठेवलं. पडद्याच्या तळाशी सरकणारी बारीक रेघ जागच्या जागी थांबली. तो बघत राहिला. उजव्या हातात चहाचा कप होता, डाव्या हातात शामलाचा फोन. फोनमधून आवाज काहीच येत नव्हता. गाणं इथे वाजतच नव्हतं. ते दुसरीकडे कुठेतरी वाजत होतं आणि इथे नुसतं दिसत होतं. रेघ हलली आणि पुढे सरकू लागली.

गाण्याच्या नावाखाली लिहिलं होतं, 'साबीर टॅबवर चालू आहे.'

शामलाला जाऊन आठ महिने झाले होते.

शरदने कप खाली ठेवला आणि तिसऱ्यांदा गाणं थांबवलं. या वेळी पलीकडून लगेच काही झालं नाही. अर्धं मिनिट गेलं. मग रेघ एकदम मागे गेली आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

"बाबा, मिळाला का फोटो?" टेबलावरच्या त्याच्या स्वतःच्या फोनमधून अबोलीचा आवाज आला. ती मेलबर्नला होती. तिच्याकडे दुपार चालू होती आणि ती ऑफिसमधून बोलत होती. "आईचा तो ब्लू साडीतला. मंडळाच्या अंकासाठी त्यांना आजच हवाय."

"बघतोय."

"वायफाय ऑन केलंस ना? नाहीतर जाणार कसा तो?"

"केलं."

वायफाय त्याने आज पहिल्यांदाच सुरू केलं होतं. शामला गेली त्या आठवड्यात त्याने तिचा फोन फ्लाइट मोडवर टाकला होता. त्यात नवीन काही येऊ नये आणि होतं त्यातलं काही जाऊ नये, एवढ्यासाठी. रोज तो फोन चार्ज करायचा, उघडायचा, बघायचा आणि परत ठेवून द्यायचा. आज अबोलीच्या आग्रहाखातर त्याने तो मोड काढला, तर फोटोंच्या आधी हे दिसलं.

"अबोली, साबीर नावाचं कुणी आईच्या ओळखीचं होतं का?"

"साबीर? नो आयडिया. का?"

"काही नाही. पाठवतो फोटो."

त्याने निळ्या साडीतला फोटो शोधला, पाठवला आणि अबोलीचा फोन ठेवला. मग गाण्यांची यादी उघडली. यादीचं नाव 'सकाळ'. त्याखाली इतके दिवस दोनशे बारा गाणी असं दिसायचं. आता दोनशे अडतीस दिसत होती.

तेरावा झाल्यावर ही यादी त्याला पहिल्यांदा सापडली होती. सगळी गाणी एकाच तऱ्हेची होती आणि त्यातलं एक अक्षर त्याला कळत नव्हतं. अबोलीने नावं वाचून सांगितलं होतं, "हे स्पॅनिश आहे. बचाता. आई बचाता ऐकायची? सीरियसली?" ती हसली होती आणि हसता हसता रडायला लागली होती.

शरद आखातात, शुवैखमधल्या एका कंपनीत होता. प्रयोगशाळांमधली यंत्रं बरोबर आकडा दाखवतात की नाही, हे तपासायचं त्याचं काम. त्याने एक जाड डायरी आणली आणि यादीतलं प्रत्येक गाणं तीत उतरवलं. क्रमांक, गायकाचं नाव, गाणं कोणत्या साली आलं ते. मग स्वतःच्या फोनवर वेगळं खातं उघडून तो तिथे एकेक गाणं ऐकू लागला. शामलाच्या यादीतलं गाणं त्याने कधी लावलं नाही. तिची नोंद तिचीच राहिली पाहिजे, असं त्याला वाटायचं.

आठ महिन्यांत त्याला बरंच कळलं. हे संगीत डॉमिनिकन रिपब्लिक नावाच्या लहानशा देशातलं होतं. गरिबांचं, दारूच्या गुत्त्यांतलं म्हणून तिथल्या रेडिओने ते कित्येक वर्षं लावलं नव्हतं. दोन गिटार, एक बास, मांडीत धरायचे जोड-ढोलके आणि किसणीसारखं एक पत्र्याचं वाद्य, एवढ्यावर सगळं चालायचं. पुढे न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या मुलांनी ते गायला घेतलं आणि ते जगभर गेलं. त्याला आता गिटारीच्या पहिल्या दोन फटक्यांत गायक ओळखता यायचा. दर शुक्रवारी नवीन गाणी यायची, तीही तो ऐकायचा. यादीतल्या गायकांपैकी कुणाचं नवीन आलं तर त्याला वाटायचं, शामलाने आज हे ऐकलं असतं.

मग त्याने अर्थ शोधायला सुरुवात केली. फोनवर भाषांतर व्हायचं. मोडकंतोडकं, पण कळायचं. कुणी सोडून गेलेलं आहे. कुणी फोन करतंय आणि पलीकडून कुणी उचलत नाही. कुणी एकटं पीत बसलंय. डायरीत त्याने चौथा रकाना आखला आणि प्रत्येक गाण्यापुढे दोन-तीन शब्दांत अर्थ लिहिला. 'सोडून गेली.' 'परत ये.' 'उशीर झाला.' पान उलटलं तरी तेच. एकशे चाळिसाव्या गाण्यापाशी त्याने पेन खाली ठेवलं. ते एका बाईने गायलेलं गाणं होतं. घरात माणूस आहे, ताट आहे, दिवा आहे, आणि तरी कुणी बोलत नाही, असं काहीतरी.

एकोणतीस वर्षं त्यांचं घर शांत होतं. ती डायलिसिस युनिटमधून साडेतीनला यायची, जेवायची, तासभर पडायची. संध्याकाळी तो पेपर वाचायचा, ती मालिका बघायची, आवाज बारीक ठेवून. भांडण नाही, गाणं नाही. याला तो समाधान म्हणत आला होता. एकशे चाळिसाव्या गाण्यानंतर त्याने तसं म्हणणं सोडलं. ती सुखी नव्हती. घरात बोलली नाही आणि सकाळी ड्यूटीवर कानाला लावून हे ऐकत राहिली. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, अबोलीलाही नाही.

आणि आता साबीर.

त्याने रसिकाला फोन लावला. रसिका शामलाच्याच युनिटमध्ये नर्स होती, शामलापेक्षा वीस वर्षांनी लहान.

"भाऊजी! आज सुट्टी ना तुम्हाला? बाहेर पडू नका हं. नॅशनल डेचा नुसता धुमाकूळ आहे. माझा युनिफॉर्म गेटपाशीच भिजवला पोरांनी."

"रसिका, साबीर कोण?"

"साबीरचाचा? सात नंबर मशीन. का हो?"

"पेशंट आहे?"

"हो, सहा-सात वर्षं झाली असतील. शामलाताईंचेच पेशंट होते. का, काय झालं?"

"तिचं गाण्याचं खातं त्याच्या टॅबवर चालू आहे."

रसिका जोरात हसली. "म्हणजे मघापासून ते तुम्ही बंद करताय? चाचा माझ्यावर ओरडतायत इथे, तुमच्या हॉस्पिटलचं वायफाय भंगारात द्या म्हणून!" मग तिचा आवाज उतरला. "सॉरी, भाऊजी. हसायला नको होतं."

"मला तो टॅब हवाय. पाच मिनिटं. तिचा पासवर्ड मला माहीत नाही, म्हणून तिथूनच काढावं लागेल."

"साडेअकरापर्यंत आहेत ते. या तुम्ही. मी सिस्टर-इन-चार्जना सांगते."

त्याने शर्ट बदलला. डायरी पिशवीत घातली. दाराशी जाऊन परत आला आणि शामलाचा फोनही घेतला.

तो राहायचा त्या अब्बासियातून बाहेर पडताना गाडीवर दोनदा पाणी उडालं. झेंडे लावलेल्या गाड्या हॉर्न वाजवत हळूहळू जात होत्या आणि मुलं खिडकीतून अर्धी बाहेर आली होती. एकाने त्याच्या काचेवर फेस मारला. शरदने वायपर लावले आणि तो सिग्नल सुटायची वाट बघत राहिला. त्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये तो जूनच्या त्या दुपारनंतर आला नव्हता. ड्यूटीवरच शामलाच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता. तो पोचला तेव्हा तिला वरच्या मजल्यावर हलवलेलं होतं. त्यामुळे ती काम करायची ते युनिट त्याने आतून कधी बघितलंच नव्हतं. चौदा वर्षं तो तिला सकाळी गेटपाशी सोडत आला होता.

रसिकाने त्याला गाऊन आणि मास्क दिला. "दहा मिनिटं, भाऊजी. मॅडम राउंडला यायच्या आत."

खोली लांबट होती. दोन्ही बाजूंना सहा-सहा यंत्रं आणि प्रत्येकापाशी एक खुर्ची, तिच्यात ब्लँकेट घेतलेला माणूस. बहुतेक झोपले होते. सातव्या खुर्चीतला म्हातारा जागा होता. डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, आखूड दाढी. डावा हात उशीवर सरळ ठेवलेला, त्याला दोन सुया चिकटपट्टीने बसवलेल्या, आणि रक्ताच्या नळ्या यंत्रात जाऊन परत येत होत्या. पुढच्या सरकत्या टेबलावर एक कडेला तडा गेलेला टॅब होता. गाणं हळू आवाजात चालू होतं. शरदने ओळखलं. त्रेसष्टावं.

"चाचा, हे बघा कोण आलंय," रसिका म्हणाली.

म्हाताऱ्याने शरदकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमीच काय ते? गाणी बंद करणारे?"

"हो."

"बंद करायची तर एकदाच करा ना, मर्दा. ही काय पद्धत? लाव, बंद. लाव, बंद. माना वाटलं, कंपनीचाच मानूस कुणीतरी मस्करी करतोय."

"मी शामलाचा नवरा."

म्हाताऱ्याचा उजवा हात टोपीकडे गेला. त्याने ती नीट केली, मग परत नीट केली. गाणं त्याने स्वतःच थांबवलं.

"रसिकाबाय, स्टूल दे गो यांना." तो शरदकडे वळला. "बसा. मी मुलुखात होतो तवा. म्हसळ्याला. पोराचं लगीन होतं, मुबीनचं. दोन महिने तिकडंच महाडला मशीनवर जात होतो. परत आलो तर हिनं सांगितलं. तुमच्याकडं यायला पायजे होतं मी. पन कुटं राहता, काय, माना म्हाईत नाय."

शरद बसला. काय बोलायचं ते त्याने गाडीत ठरवलं होतं, तेच बोलला. "यादी तिची आहे. तिची दोनशे बारा गाणी होती. आता दोनशे अडतीस आहेत. सव्वीस तुम्ही घातलीत. ती काढून टाका. आणि मग हे खातं मी तुमच्या टॅबवरून काढून घेणार आहे. राग मानू नका. मला ती यादी तिची तेवढीच ठेवायची आहे."

"सव्वीस?" साबीरने विचारलं.

"होय. मोजलीत मी."

"सव्वीस नाय. सगळीच माजी हायत."

यंत्राची चकती संथ फिरत होती. पलीकडच्या खुर्चीतला माणूस झोपेत खोकला.

शरदने पिशवीतून डायरी काढली आणि पहिलं पान उघडलं. "एक नंबर. तेओफिलो दे बानी. एकोणीसशे सत्त्याऐंशी."

"ते डॉमिनिकनच्या हायना बंदरात ऐकलं मी," साबीर म्हणाला. "मी बोटीवर होतो, एकवीस वर्षं. खत घेऊन गेलेलो तिकडं. बंदरात जागा नाय, बावीस दिवस बोट उभी. धक्क्याच्या भायेर एक वाण्याचं दुकान होतं, दारात हे एवढं स्पीकर. वाणी तांदूळ मोजायचा आनी गाणं चालू. हे गाणं रोज. माना भाषा येत नव्हती, वाण्याला माजी येत नव्हती. तरी आमी दोगं रडलेलो एकदा." त्याने मान हलवली. "कॅसेट आनलेली मी त्याची. उंदरांनी खाल्ली."

"चौदा," शरद म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परीक्षकासारखा वाटला.

"चौदा म्हंजे कोन?"

"हे." शरदने डायरी त्याच्यापुढे धरली.

साबीरने चष्मा खाली घेतला. "हां, हा. याचा भाऊ पन गायचा. भाऊ बरा होता. हा आपला असाच."

"हो," शरद म्हणाला. "भाऊ बरा होता." आणि मग थांबला, कारण आठ महिन्यांत या विषयावर त्याने कुणाशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

"तुमाला म्हाईत हाय?"

"एकशे चाळीस," शरद म्हणाला. त्याने पान उलटलं, पण वाचलं नाही. "बाई गाते. घरात माणूस आहे, पण कुणी बोलत नाही, असं आहे."

साबीरने उजव्या हाताने ब्लँकेट गुडघ्यांवर ओढून घेतलं.

"ते माज्या घरचं हाय," तो म्हणाला. "फखरुन्निसा. माजी बायको. मी बोटीवर, ती म्हसळ्याला. मग मी हितं, शुवैखच्या गोदामात, ती म्हसळ्यालाच. दोन वर्षांनी घरी जायचो तर ती एकच ताट घ्यायची. इसरून. एकदा नाय, दोनदा नाय. मग मी पन सांगायचं सोडलं. हे गाणं माना हितल्याच एका मानसानं सांगितलेलं, कोलंबियाचा इंजिनेर होता, नऊ नंबरला. त्यानं मतलब सांगितला. मी शामलाबायला बोल्लो, हे घाल आत."

"म्हणजे तिने घातलं."

"हात तिचा. गाणं माजं."

शरदने डायरी मांडीवर ठेवली. "मग तिचं कुठलं?"

"कसं?"

"या दोनशे बारांत तिचं कुठलं? तिला आवडायचं असं?"

साबीरने रसिकाकडे बघितलं. रसिका आठव्या यंत्राचे आकडे कागदावर उतरवत होती. तिने मान वर केली नाही.

"तिला टायम कुटं होता ऐकायला?" साबीर म्हणाला. "चार चार मशीनी एका बायच्या अंगावर. सुई लावायची, गाणं लावून द्यायची, की चालली पुढं. पयला मी फुकटवालं लावायचो, माज्याच नावाचं. त्यात मधीच जायरात यायची, केवढ्यानं! माजा हात उडायचा, सुई हलायची, मशीन बोंबलायची. दोन येळा झालं तसं. तिसऱ्या येळेला तिनं टॅब घेतला आनी आपलं खातं घातलं. बोल्ली, पोरीनं घेऊन दिलंय, माजं नुसतं पडून असतं. तुमी ऐका."

"आणि ती स्वतः?"

"मी इचारलं ना. बाय, तुला काय लावू? बोल्ली, माना काय नको. आमचं घर शांत असतं, माना तशी सवय हाय."

शरद स्टुलावर पुढे सरकला. "कसं म्हणाली?"

"कसं म्हंजे?"

"शांत असतं, हे कसं म्हणाली? चांगलं म्हणून म्हणाली, की..." त्याला पुढचा शब्द सापडला नाही. "तोंड कसं होतं तिचं?"

साबीरने आठवून बघितलं. खरंच प्रयत्न केला, हे त्याच्या कपाळावरून दिसत होतं. "मास्क होता तोंडावर," तो म्हणाला. "आनी ती पट्टी लावत होती. शांत बोल्ली, एवढंच माना म्हाईत."

"बरं."

शरद डायरीकडे बघत राहिला. दोनशे बारा ओळी, चार रकाने, निळ्या शाईतलं त्याचं सरळ अक्षर. यंत्र भलताच आकडा दाखवायला लागलं की आधी त्याची वायर कुणाला जोडली आहे ते बघायचं, हे तो कंपनीत नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगायचा. आठ महिने त्याने ते बघितलं नव्हतं. या माणसाची बायको, या माणसाचं बंदर, या माणसाचं एक ताट घेऊन तो झोपायला जात होता आणि शामलाची क्षमा मागत होता.

ती दुःखी नव्हती, असं आता म्हणता आलं असतं. पण तसंही म्हणता येत नव्हतं. गाणी गेली आणि त्यांच्याबरोबर तीही गेली. राहिलं ते पूर्वीइतकंच. बारीक आवाजातली मालिका, पेपर, साडेतीनची किल्ली.

साबीरने उजवा हात पुढे करून डायरी स्वतःकडे ओढली. शरदने अडवलं नाही. म्हाताऱ्याने अंगठ्याने एकेक पान उलटलं. चौथा रकाना त्याने चष्मा वर-खाली करत वाचला. 'सोडून गेली.' 'परत ये.' काही ओळींपुढे शरदने प्रश्नचिन्हं केली होती, काहींपुढे तारीख. पुढे एका पानावर कोपऱ्यात नुसतंच 'शामला?' असं लिहिलेलं होतं. तिथे साबीर बराच वेळ थांबला. मग त्याने डायरी मिटली आणि शरदच्या मांडीवर परत ठेवली.

"हे सगळं तुमी तिच्यासाटी ऐकलात?"

शरदने मान हलवली.

"सगळी?"

"सगळी. नवीन येतात तीही."

"भाऊजी," रसिका पाठीमागून म्हणाली, "मॅडम यायच्या झाल्या."

शरद उठला. साबीरने टॅब त्याच्यापुढे सरकवला. "घ्या. काढा तुमचं खातं. तुमच्या बायकोचं हाय, तुमचा हक हाय. मी फुकटवालं लावीन परत. हात काय, बांधून ठेवीन."

शरदने टॅब हातात घेतला. खातं काढायचं बटण कुठे असतं ते त्याला माहीत होतं. दोन ठिकाणी बोट ठेवायचं होतं, एवढंच. एका ठिकाणी त्याने ठेवलं.

"थांबा," साबीर म्हणाला. "थांबा, थांबा. एक हाय."

"काय?"

"एक तिचं हाय. आता आठवलं बघा. म्हातारा झालो, डोकं चालत नाय. एक तिनं सोता लावलेलं. आना हिकडं."

त्याने टॅब घेतला. अंगठ्याने यादी वर ढकलली, मग खाली, मग परत वर. तो शोधत नव्हता, निवडत होता. एका नावावर थांबायचा, ओठ हलवायचा आणि पुढे जायचा. शेवटी त्याने एकावर बोट ठेवलं आणि टॅब शरदकडे वळवला.

"हे."

गिटार सुरू झाली. शरदला दोन फटक्यांत कळलं. यादिरा अल्मान्सार. चाल जलद होती आणि बाई गाताना मध्येच हसत होती. गाण्यात कुणी कुणाला सोडून गेलेलं नव्हतं. एक बाई बाजारातून घरी येते, पिशवी जड आहे आणि ती वाटेत सगळ्यांशी बोलत येते, एवढंच होतं. दोनशे अडतीस गाण्यांत असं आनंदी दुसरं शोधायला वेळ लागला असता.

हे गाणं नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी आलं होतं. आलं त्याच सकाळी शरदने ते घराखाली, बंद गाडीत बसून ऐकलं होतं, आणि शामला हे ऐकायला राहिली नाही म्हणून स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता.

साबीर त्याच्याकडे बघत होता. त्याची नजर हलत नव्हती, पण उजव्या हाताची बोटं ब्लँकेटची कड चिमटीत धरून पुन्हापुन्हा सोडत होती.

"नक्की?" शरदने विचारलं.

"नक्की म्हंजे? माज्या डोळ्यांपुढं लावलं. आपल्या हातानं. बोल्ली, चाचा, तुमची ती रडकी बंद करा जरा, आज माना हे ऐकू दे."

रसिकाने कागदावरून मान वर केली. तिने साबीरकडे बघितलं, मग शरदकडे, आणि ती पुढच्या यंत्राकडे निघून गेली.

शरदने टॅब सरकत्या टेबलावर ठेवला, साबीरला दिसेल असा. स्टूल पायाने जवळ ओढलं आणि तो परत बसला.

"तेव्हा ती कुठे उभी होती?" त्याने विचारलं.

साबीरने जरा वेळ घेतला. मग सुई नसलेला हात उचलून त्याने खिडकीजवळची जागा दाखवली. तिथे हात धुवायचं बेसिन होतं आणि भिंतीला कागदी रुमालांचा डबा.

"तितं. हात पुसत होती. आनी पाय असा..." त्याने ब्लँकेटखालचा पाय हळूच दोनदा हलवला. "ठेक्यावर."

शरदने तिकडे बघितलं.

"मग?" तो म्हणाला.